फलकाचं नंतर बघू, आधी शेवटची पायरी मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. इमारतीच्या तळमजल्यावरच्या लॉबीत दोन महिन्यांपूर्वी जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी बसवली. मागच्या आठवड्यात कुणाकडे तरी आलेल्या एक पाहुण्या बाई जिना उतरताना अगदी खाली पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. थोड्या वेळापूर्वीच लॉबी पुसलेली होती, ‘ओली फरशी, जपून चाला’ असा पिवळा फलक उभा होता, आणि फरशी विक्रेत्याने ‘अँटी-स्किड, आर-९’ म्हणून दिलेली होती. आता त्यांच्या घरचे उपचारांचा खर्च मागताहेत. तुम्ही इमारतीच्या समितीचे सचिव आहात आणि विचारताय की फलक होता, फरशी प्रमाणित होती, मग आमची जबाबदारी संपली ना?

नाही संपली. पण मला खटकलं ते वेगळंच. तुमच्या प्रश्नात पाणी, फलक आणि फरशीचं प्रमाणपत्र यांवर सगळा भर आहे, आणि जिन्याबद्दल जेमतेम तीन शब्द आहेत: ‘शेवटच्या पायरीवरून उतरताना’. बावीस वर्षं मी माणसं जिथे पडतात त्या जागा मोजायचं काम करतोय, कधी पडणाऱ्याच्या बाजूने, कधी मालकाच्या. जुन्या फरशीवर नवी फरशी आणि जिन्याच्या तळाशी पडणं, या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की मी पाण्याचा विचार बाजूला ठेवतो आणि खिशातून टेप काढतो.

पडणं तीन प्रकारचं असतं आणि आपल्या भाषेत तिन्हींना वेगवेगळे शब्द आहेत. पाय घसरतो, ठेच लागते, नाहीतर पायरी चुकते. घसरताना टाच जमिनीला टेकते आणि पुढे निघून जाते. माणूस बहुधा मागे पडतो, बसकण मारतो, कंबर नाहीतर डोक्याची मागची बाजू आपटते. ठेच लागली की पाय मागे अडकतो आणि धड पुढे जातं. गुडघे, तळहात, हनुवटी सोलवटते. पायरी चुकते तेव्हा पाय अपेक्षेपेक्षा आधी किंवा उशिरा टेकतो, तोल जातो, घोटा मुरगळतो आणि माणूस उतरायच्या दिशेलाच कोसळतो. हात टेकायला गेलं की मनगट तिन्हींत मोडू शकतं, म्हणून नुसत्या मनगटावरून काहीच ठरत नाही. बाई कुठल्या दिशेला पडल्या? आणखी कुठे लागलं? घोटा सुजला का? कपडे ओले झाले होते का? पाण्याची ओल पायरीपासून किती लांब होती? ही उत्तरं तुमच्याकडे नसतील, तर घसरल्या असं तुम्ही धरून चालला आहात इतकंच.

आणि हे धरून चालणं किती महागात पडतं ते मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका कार्यालयीन इमारतीत एक गृहस्थ जिन्याच्या तळाशी पडले होते. मालकाने मला बोलावलं. सगळे म्हणत होते, फरशी गुळगुळीत आहे. मी पेंडुलम (फरशी किती घसरडी आहे ते मोजायचं उपकरण) लावला, पाणी मारून मारून आकडे घेतले: ४१, ४२, ४०. छान आकडे. फरशीत दोष नाही, असा अहवाल दिला. सुनावणीत समोरच्या बाजूचा अभियंता उभा राहिला आणि त्याने नुसत्या पायऱ्यांच्या उंच्या वाचून दाखवल्या. वरच्या सगळ्या १६७ ते १६९ मिलिमीटर, सर्वांत खालची १४९. लॉबीची फरशी मध्यंतरी बदलली होती, जुनीवर नवी. मी तिथे दोन तास होतो. माझ्या पेंडुलमची पेटी मी त्याच पायरीवर ठेवली होती.

हे गणित साधं आहे. नवी फरशी दहा मिलिमीटर, खाली चिकटवायचा थर पाच-सहा मिलिमीटर. लॉबी तेवढी वर आली, जिना होता तिथेच राहिला. म्हणजे खालची पायरी पंधरा-सोळा मिलिमीटरने बुटकी झाली. मधल्या लँडिंगवरही नवी फरशी टाकली असेल, तर त्याच्या खालच्या बाजूची पहिली पायरी तेवढीच उंच झाली आणि वर जाणाऱ्या टप्प्याची पहिली पायरी बुटकी. डोळ्यांना दिसत नाही. पायाला कळतं, पण उशिरा. दोन-तीन पायऱ्या उतरल्या की पाय पुढच्या उंचीचा अंदाज बांधून मोकळा होतो, आपण खाली बघणं सोडतो. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आदर्श इमारत संहितेत म्हणूनच पायरी ठरावीक उंचीपेक्षा जास्त नको (साधारण १७८ मिलिमीटर) एवढं सांगून थांबत नाहीत. एकाच टप्प्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत ९.५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, असंही सांगतात. कमाल उंची देशागणिक बदलते. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ती राहत्या घरांना १९० मिलिमीटर आणि इतर बहुतेक इमारतींना १५० मिलिमीटर आहे. माझ्या मते, सगळ्या पायऱ्या सारख्याच १८५ च्या असतील तर माणूस धापा टाकेल, पण पडणार नाही. पंधरा पायऱ्या सुंदर आणि सोळावी वेगळी असेल, तर कुणीतरी पडणारच.

सपाट जागेचंही असंच आहे. चालताना आपल्या बुटाचं टोक जमिनीपासून जेमतेम एक-दीड सेंटिमीटरवरून जातं. अपंगांसाठीच्या अमेरिकी मानकांत सुमारे ६.४ मिलिमीटरपर्यंतचा उभा फरक चालतो, त्यापुढे १३ मिलिमीटरपर्यंत कड उतरती करायची, त्याहून जास्त असेल तर रॅम्प. तुमची नवी फरशी लिफ्टच्या किंवा मुख्य दाराच्या तोंडाशी कशी संपते तेही बघून घ्या. तिथे पट्टी न लावता उघडी कड सोडली असेल, तर पुढची तक्रार तिथून येईल.

आता तुमचं आर-९. विक्रेत्याने खोटं सांगितलं नाही, पण तुम्ही जे ऐकलंत तेही त्याने सांगितलं नाही. ही जर्मन चाचणी आहे. हलत्या फळीवर फरशी लावतात, तिच्यावर तेल ओततात, ठरलेले बूट घातलेला माणूस तिच्यावर पुढे-मागे चालतो आणि फळी हळूहळू तिरकी करत नेतात. तो कुठल्या कोनाला घसरतो त्यावरून वर्ग ठरतो. आर-९ ते आर-१३ असे पाच वर्ग, आणि आर-९ हा त्यांतला सर्वांत खालचा. आर-१० मिळायला दहा अंशांच्या पुढे जावं लागतं. ९ हा आकडा दहापैकी नऊ गुण मिळाल्यासारखा वाटतो, त्यामुळे अनेक समित्या फसतात. आणखी एक गोष्ट. ही चाचणी कोऱ्या फरशीची, प्रयोगशाळेत होते. तुमच्या लॉबीतल्या फरशीवर दोन महिन्यांचा साबणाचा थर आहे, कदाचित कुणीतरी पॉलिशही मारलं असेल.

जागेवर मोजायचं ते पेंडुलमने. लंबकाच्या टोकाला रबराचा तुकडा असतो, तो टाचेसारखा फरशीला घासून जातो आणि पुढे किती उंच चढतो त्यावर आकडा मिळतो. ब्रिटनमध्ये ३६ किंवा त्याहून जास्त आकडा म्हणजे घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ आणि खाली जास्त, असं मानतात. कोरडी असताना जवळपास कुठलीही स्वच्छ फरशी पास होते, म्हणून कोरडा आकडा कुणी कौतुकाने दाखवला तर त्यावर जाऊ नका. ओला आकडा मागा, आणि तोही रोजच्या पद्धतीने पुसून झाल्यावरचा. मी एकदा फरशी आहे तशी मोजली तेव्हा १९ आला. साध्या पाण्याने तीनदा धुतल्यावर तीच ३४ वर गेली. दोष फरशीचा कमी आणि बादलीत ओतल्या जाणाऱ्या साबणाचा जास्त होता. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण कुणी पाळत नाही. चार झाकणं जास्त टाकली की स्वच्छ होतं, असा आपला समज.

आता फलक. इंग्लंड-वेल्समध्ये १९५७ चा कायदा आहे, जागा ज्याच्या ताब्यात त्याच्या जबाबदारीचा. त्यात स्पष्ट म्हटलंय की नुसता इशारा दिला म्हणून सुटका नाही. त्या इशाऱ्यामुळे येणारा माणूस खरोखर पुरेसा सुरक्षित राहू शकला असता, तरच तो उपयोगाचा. हा कायदा तुमच्याकडे लागू नसला तरी ही कसोटी मला कुठेही योग्य वाटते. तुमच्या लॉबीवर लावून पाहा. जिना उतरणाऱ्या माणसाला फलक कधी दिसतो? वळणावरून दिसतो, की खाली पोचल्यावर? दिसला तरी तो दुसरं करणार काय, दुसरी वाट आहे का? आणि सर्वांत वाईट म्हणजे फलक रोज दिवसभर तिथेच उभा असतो का? असेल तर तो फर्निचर झाला. फलक काही सांगत असेल तर एवढंच की धोका तुम्हाला माहीत होता. आणि पायरी बुटकी असेल, तर हा फलक चुकीच्या धोक्याचा आहे. माणसाला पाण्याकडे बघायला लावून तुम्ही त्याची नजर पायरीवरून हटवलीत, असा मुद्दा समोरचा वकील काढेल; मी त्याच्या बाजूने असतो तर मीच त्याला सुचवला असता.

जबाबदारीबद्दल बोलायचं तर तुम्ही कुठल्या देशात आहात ते लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. काही ठिकाणी आलेली व्यक्ती ग्राहक होती, पाहुणा होती की आगंतुक, यावरून तुमचं कर्तव्य कमी-जास्त होतं. कॅलिफोर्नियाने हे वर्गीकरण १९६८ मध्ये एका निकालात मोडीत काढलं. बाईंचीही चूक होती, मोबाईलमध्ये डोकं होतं वगैरे, असं ठरलं तर ब्रिटनमध्ये १९४५ पासून भरपाई त्या प्रमाणात कमी होते. अमेरिकेत मेरीलँड, व्हर्जिनियासारख्या मोजक्या राज्यांत थोडीशी स्वतःची चूकही दावा अख्खा बुडवू शकते. दावा करायची मुदत, आधी नोटीस द्यावी लागते का, हे सगळं स्थानिक वकिलाला विचारा.

पण एक प्रश्न जवळजवळ सगळीकडे येतो: धोका तुम्हाला माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का? याची माझी आवडती दोन प्रकरणं मॅसॅच्युसेट्समधली, दोन्ही रेल्वे कंपन्यांवरची, दोन्ही केळ्याच्या सालीची. १९०१ मध्ये प्रवासी हरला, कारण साल क्षणापूर्वीच कुणीतरी टाकलेली असू शकत होती. १९११ मध्ये प्रवासी जिंकली, कारण साक्षीत आलं की साल वाळलेली, काळी पडलेली, तुडवून सपाट झालेली, मातीने माखलेली होती. म्हणजे ती बराच वेळ पडून होती, कर्मचाऱ्यांनी बघायला हवी होती. सालीच्या रंगावर निकाल फिरला. आमच्या कामात मी नवशिक्यांना पहिल्यांदा हीच जोडी सांगतो, कारण त्यानंतर ते फोटो काढताना डागाची कड वाळली आहे का, त्यात बुटांचे ठसे आहेत का, हे आपसूक बघायला लागतात.

तुमच्या बाबतीत मात्र गोम अशी की ही बचावाची वाटच उरत नाही. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे दुसऱ्याने सांडलेल्या पाण्याबद्दल म्हणता येतं. पुसलेली लादी तुमच्याच माणसाने पुसली. फरशी तुम्हीच बसवून घेतलीत. स्वतः तयार केलेल्या धोक्याची माहिती नव्हती, हे कुठलंही न्यायालय कौतुकाने ऐकून घेणार नाही. भारतात १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळल्याच्या प्रकरणात महापालिकेला जबाबदार धरलं. दोष वरून दिसत नव्हता, हा बचाव चालला नाही; ऐंशी वर्षं जुनी वास्तू वेळोवेळी तपासणं हेच तर काम होतं. मनोरा आणि पायरी यांची तुलना नको, पण तर्क तोच: दिसत नव्हतं म्हणण्याआधी पाहिलं होतं का?

कंत्राटदाराचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. तज्ज्ञाचं काम तज्ज्ञाला दिलं असेल आणि तो लायक आहे, काम नीट झालंय याची जमेल तेवढी खात्री करून घेतली असेल, तर त्याच्या चुकीचा भार तुमच्यावर येऊ नये, असं तो १९५७ चा इंग्रजी कायदाही म्हणतो. यातला ‘जमेल तेवढी खात्री’ हा भाग जड आहे. विजेच्या जोडण्या तपासणं समितीला जमणार नाही. टेपने पायरी मोजणं कुणालाही जमतं. काम ताब्यात घेताना जिन्याचा विचार झाला होता असं दाखवणारा एखादा कागद आहे का ते शोधा. कंत्राटदाराने ‘फरशी उखडावी लागेल’ असं सुचवलं होतं आणि खर्च वाचवायला समितीने नको म्हटलं, असा संदेश कुठे असेल तर तोही तुमच्या वकिलाला आजच दाखवा. लपवू नका, तो समोरच्या बाजूला कंत्राटदाराकडून मिळणारच.

नोंदींबद्दल एक प्रकरण सांगायलाच हवं. १९७६ चं, टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केट कंपनीविरुद्धचं. दुकानात सांडलेल्या दह्यावरून एक बाई घसरल्या. दही कधी सांडलं हे त्यांना सांगता येत नव्हतं, पण न्यायालयाने प्रश्न उलटा फिरवला: दुकानाने दाखवावं की सांडलेलं वेळेत पुसायची व्यवस्था होती. फरशी दिवसातून पाच-सहा वेळा झाडली जाते असं कंपनीने सांगितलं, पण अपघाताच्या आधी ती जागा नक्की कधी बघितली होती हे दाखवता आलं नाही. तुमच्याकडे लॉबी कोण पुसतं, किती वाजता, किती वेळात वाळते, याची वही आहे का? असेल तर ती जपा. नसेल तर आता मागच्या तारखा घालून तयार करू नका. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेली तीन महिन्यांची वही मी दोनदा पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा मालकाचं त्या वहीने जितकं नुकसान केलं तितकं ओल्या फरशीने केलं नसतं.

आता तुम्ही काय करावं. बाईंच्या घरच्यांशी माणुसकीने बोला, चौकशी करा. चूक आमची किंवा तुमची असं काहीही लिहून देऊ नका. इमारतीचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारला गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. कॅमेऱ्याचं चित्रण आधी वेगळं काढून ठेवा. बहुतेक यंत्रं काही दिवसांत किंवा आठवड्यांत जुनं पुसून त्यावरच नवं लिहितात, आणि एक आठवडा तुमचा असाच गेलाय. त्या चित्रणात पाय कसा पडला हे दिसत असेल, तर माझ्या या सगळ्या पाल्हाळाची गरजच उरणार नाही.

मोजमाप होईपर्यंत पायरीला हात लावू नका, पण तोवर लोकांना तसंच उतरू देऊ नका. शेवटच्या पायरीच्या कडेला उठून दिसेल अशा रंगाची चिकटपट्टी लावा, पट्टीआधीचे फोटो काढून. नवी फरशी आणि पायऱ्या एकाच रंगाच्या असतील तर जिना कुठे संपतो हेच कळत नाही. माणूस एक पायरी आधीच सपाट जमिनीवर आल्यासारखा चालायला लागतो. ही पट्टी म्हणजे चुकीची कबुली ठरेल अशी भीती अनेकांना वाटते. अमेरिकेच्या संघीय पुराव्याच्या नियमांत तर अपघातानंतर केलेली दुरुस्ती दोष सिद्ध करायला वापरता येत नाही, असं लिहूनच ठेवलंय. तुमच्याकडे नियम वेगळा असला तरी त्याच पायरीवर दुसरा माणूस पडण्यापेक्षा वाईट पुरावा नाही.

मोजायचं असं. पायरीच्या कडेवर लेव्हल पट्टी आडवी धरा, बुडबुडा मधोमध आणा आणि तिच्यापासून खालच्या पायरीपर्यंत सरळ उभं अंतर घ्या. नुसती टेप भिंतीला टेकवून वाचू नका, झिजलेल्या कडेमुळे दोन-तीन मिलिमीटरची चूक होते. प्रत्येक पायरी दोन ठिकाणी मोजा, कठड्याच्या बाजूला आणि मधोमध, कारण लॉबीला पाण्यासाठी उतार दिला असेल तर शेवटची पायरी एका टोकाला वेगळी निघेल. तळापासून पहिल्या लँडिंगपर्यंतच्या सगळ्या उंच्या एका कागदावर लिहा, मोजणाऱ्या दोघांच्या सह्या, तारीख आणि वेळ घाला. मग ते आकडे मला सांगा. सगळे पाच-सहा मिलिमीटरच्या आत बसले, तर आपण पुन्हा पाण्याकडे वळू आणि पेंडुलमवाला बोलवायचा की नाही ते ठरवू.